निळी पडलेली छिन्नी

शिरूर हे घोड नदीच्या काठी वसलेले गाव. जुनी माणसे अजूनही त्याला घोडनदी याच नावाने ओळखतात. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो आणि त्याच रस्त्यावर, पुण्याच्या बाजूस काही कोसांवर, रांजणगावची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. तेथील कारखान्यांत रात्रंदिवस यंत्रे फिरत असतात. गावाच्या आतल्या अंगाला मात्र एका बोळात एक लहानशी लोहारसाळ आहे. तिच्यातली ऐरण तीन पिढ्यांची आहे आणि त्या ऐरणीपुढे बसणाऱ्या आबांनी सत्तरी ओलांडली आहे.

आबांना आता दूरचे नीट दिसत नाही. परंतु भट्टीत तापणाऱ्या लोखंडाचा रंग ते अचूक ओळखतात. प्रथम काळसर तांबडा, मग डाळिंबी, मग केशरी आणि शेवटी पिवळा असा तो रंग चढत जातो. कोणत्या रंगावर खुरपे ठोकावे, कोणत्या रंगावर कुऱ्हाडीला पाणी द्यावे, हे त्यांना कोणी लिहून दिलेले नाही. पोलादाला आच हवी, परंतु आच अती झाली की ते जळते, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. वडिलांनी तो त्यांना शिकविला होता आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

त्या लोहारसाळेत एक छिन्नी होती. दौंडच्या लोहमार्गावर वाफेची इंजिने धावत होती, त्या काळात आबांच्या वडिलांनी दौंडच्या बाजारातून एक झिजलेली कानस भंगारात विकत आणली आणि तिच्यापासून ही छिन्नी घडविली. कानशीचे पोलाद चांगले कठीण असते. या छिन्नीने किती पट्ट्या तोडल्या, किती रिबिटांची डोकी उडविली, याची गणती नव्हती. दर खेपेस धार बोथट झाली की आबा ती हलक्या हाताने सहाणेवर घासत आणि पुन्हा कामाला घेत. मुलांना तिला हात लावण्याची मनाई होती.

आबांचा नातू औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडला आणि गावातल्याच एका वर्कशॉपात लेथवर काम करू लागला. लेथ म्हणजे कातकामाचे यंत्र. त्यात लोखंडाचा दांडा पकडून गरगर फिरवितात आणि कडेने एक कठीण हत्यार त्यावर टेकवून हवा तसा आकार देतात. या हत्याराला कामगार नुसते ‘टूल’ म्हणतात. नातवाचे टूल हायस्पीड स्टीलचे, म्हणजे द्रुतगती पोलादाचे होते. दिसायला ते बोटाएवढ्या जाडीचा एक चौकोनी तुकडा. परंतु नातवाचा सारा व्यवसाय त्या तुकड्याच्या टोकावर उभा होता. टोक बोथट झाले की तो ते ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर धरी. ठिणग्यांचा वर्षाव होई, टोक तापे, त्यावर रंगही चढे. परंतु धार कठीणच राही. त्याला याची सवय होऊन गेली होती.

एका सुटीच्या दिवशी आबांना मदत करावी, या सद्‌हेतूने त्याने ती जुनी छिन्नी उचलली आणि वर्कशॉपात नेऊन ग्राइंडरवर धरली. टूलला लावावी तशीच त्याने तिला धार लावली. जोर देऊन, न थांबता. दोन मिनिटांत लखलखीत धार तयार झाली. घरी येऊन मोठ्या हौसेने त्याने छिन्नी आबांच्या हातात ठेवली.

आबांनी ती उजेडात धरली. धारेच्या मागे निळा पट्टा पसरला होता आणि टोकाशी तर तो निळा रंगही जाऊन करडी छटा आली होती. त्यांनी काही न बोलता ऐरणीवर एक लोखंडी पट्टी ठेवली, छिन्नी टेकविली आणि हातोड्याचा एक घाव घातला. पट्टीवर खूण उमटली. पण छिन्नीची धारही दुमडली.

“पोरा, हिचं पाणी उतरलं,” आबा म्हणाले.

नातू खजील झाला. आपण धार लावली आणि धारच गेली, हे त्याला उमगेना. आबा रागावले नाहीत. त्यांनी भाता चालू केला आणि नातवाला जवळ बसवून घेतले.

साधे पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. छिन्नीच्या पोलादात शंभर भागांत सुमारे एक भाग कार्बन असतो. असे पोलाद डाळिंबी लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की कार्बन लोखंडात विरघळून जातो. तशा स्थितीत ते एकदम पाण्यात बुडविले, तर कार्बनाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो लोखंडाच्या रचनेत अडकून पडतो आणि पोलाद अतिशय कठीण होते. यालाच लोहार पाणी देणे म्हणतात. परंतु हे कठीणपण ठिसूळही असते. ते थोडे उतरविण्यासाठी पोलाद पुन्हा बेताने तापवावे लागते. तापताना घासलेल्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायूमुळे अतिशय पातळ थर चढतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात. सुमारे २३० अंशांवर गवती पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. त्यापुढे करडा. जसजसा रंग पुढे जाईल, तसतसे कठीणपण कमी होत जाते. ग्राइंडरच्या घर्षणाने छिन्नीचे पातळ टोक या साऱ्या रंगांतून पलीकडे गेले होते.

आबांनी छिन्नीचे टोक भट्टीत लाल केले, ठोकून सारखे केले, पुन्हा लाल केले आणि फक्त बोटभर पाण्यात बुडविले. लगेच बाहेर काढून दगडाच्या कपचीने टोक घासून चकचकीत केले. मागच्या भागात राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली. पिवळा रंग आला, पुढे सरकला. त्याच्या मागोमाग तपकिरी आला. नातू श्वास रोखून पाहत होता. धारेवर जांभळी छटा येताच आबांनी सबंध छिन्नी पाण्यात टाकली. पाणी चर्र झाले. मग त्यांनी पुन्हा पट्टी ठेवली, पुन्हा घाव घातला. पट्टी तुटली आणि धार जशीच्या तशी राहिली.

“धार लावताना घडीघडी पाण्यात बुडवायची,” आबा म्हणाले, “हाताला चटका बसला की समजावं, हिलाही बसला.” क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “तुझं टूल कसं गं टिकतं मग एवढ्या ठिणग्यांत?”

नातवाला उत्तर ठाऊक होते. परंतु ते सांगून पटणारे नव्हते. ते दाखवावे लागणार होते. ती संधी लवकरच आली.

चैत्र संपत आला होता. विहिरींचे पाणी खोल गेले होते आणि शेतातल्या उसाला एकेक पाळी मोलाची झाली होती. अशा वेळी जवळच्या एका वाडीतला शेतकरी आबांकडे आला. त्याच्या पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी खाल्ला गेला होता. आजवर त्याची कुदळ, पहार, फाळ सारे आबांनी केले होते. म्हणून तो सवयीने तेथेच आला. वीज रात्री यायची होती. त्याआधी पंप बसला नाही, तर पाण्याची पाळी चुकणार होती आणि पुढची पाळी येईपर्यंत उसाची पाने करपणार होती.

आबांनी शाफ्ट हातात घेऊन पाहिला. हे काम भट्टीचे नव्हते. येथे केसाएवढी चूकही चालणार नव्हती. ते उठले, डोक्याला पागोटे गुंडाळले आणि शेतकऱ्याला घेऊन नातवाच्या वर्कशॉपात गेले. त्या दारातून आत जाण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

वर्कशॉपातले लेथ जुने होते, हरिहरच्या कारखान्यात बनलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रे बनविणारा कारखाना सुरू झाला. तेथली लेथ महाराष्ट्रातल्या अनेक लहानमोठ्या वर्कशॉपांत पोहोचली आणि मूळचा कारखाना बंद झाल्यावरही त्यांतली पुष्कळशी चालू राहिली.

नातवाने ४० मिलिमीटर जाडीचा नवा दांडा चकमध्ये पकडला, टूल आवळले आणि यंत्र सुरू केले. दांडा मिनिटाला २४० फेरे घेऊ लागला. म्हणजे टूलच्या धारेखालून मिनिटाला सुमारे ३० मीटर लोखंड सरकत होते. साध्या पोलादाच्या हत्याराने हेच काम करावयाचे, तर मिनिटाला ५ ते १० मीटरांवर थांबावे लागले असते. अधिक वेग घेतल्यास घर्षणाने टोक तापून त्याचे पाणी उतरले असते. खरवडीच्या पहिल्या फेऱ्यात नातवाने थंड करणारे पाणी मुद्दामच सोडले नव्हते. दांड्यावरून लोखंडाचा कीस निघू लागला. प्रथम रुपेरी, मग पिवळसर, मग निळा. वळ्यावळ्यांचा निळा कीस खाली साचू लागला.

आबा पुढे वाकले. निळा रंग त्यांच्या ओळखीचा होता. कीस निळा, म्हणजे टोकाला त्याहून अधिक आच लागत असणार, हे त्यांनी जाणले. आता धार दुमडेल, या भयाने त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. परंतु फेरा पुरा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. नातवाने यंत्र थांबवून टूल बाहेर काढले आणि थोडे निवल्यावर आबांच्या हातात दिले. टोकाजवळ रंग चढला होता. परंतु आबांनी अंगठ्याच्या नखावर धार टेकविली, तेव्हा ती नखात रुतली.

“ही निळी पडूनसुद्धा मरत नाही,” ते आश्चर्याने म्हणाले.

“आबा, हिला हे आगीनंच दिलंय,” नातू म्हणाला. “पण तुमच्या नियमाच्या पलीकडच्या आगीनं.”

मग पुढचे काम करता करता त्याने प्रशिक्षण संस्थेत ऐकलेली हकिकत सांगितली.

हत्याराच्या पोलादात टंगस्टन नावाचा जड धातू मिसळला, तर ते उष्णतेला अधिक दाद देत नाही, हे इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट याने दाखवून दिले. १८६८ साली त्याने तयार केलेले पोलाद पाण्यात न बुडविता नुसत्या हवेतच कठीण होत असे. पुढे तीसएक वर्षांनी, १८९८ मध्ये, अमेरिकेत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट हे दोघे अशाच हत्यारांची पारख करीत होते. जुन्या कारागिरांचे मत असे होते की, हे पोलाद ठरावीक लालीच्या पुढे तापवू नये. त्यापुढे ते बिघडते. हे मत काही खोटे नव्हते. सुमारे ८४५ अंशांच्या पुढे तापविलेली हत्यारे खरोखरच खराब निघाली. तेथेच प्रयोग थांबविणे कोणालाही शहाणपणाचे वाटले असते. टेलर आणि व्हाइट थांबले नाहीत. त्यांनी आच वाढवीत नेली आणि सुमारे ९४० अंशांच्या पुढे एक नवल घडले. बिघडत चाललेले हत्यार पुन्हा सुधारू लागले. पोलाद वितळण्याच्या बेतात येईपर्यंत ते सुधारतच गेले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या हत्यारांनी पोलाद कातून दाखविले. टोक लाल झाले होते, निळा कीस उडत होता आणि धार कायम होती. जगभरच्या यंत्रांचा वेग त्यानंतर बदलला. टेलरने धातू कातण्याच्या प्रयोगांत एकंदर २६ वर्षे घालविली आणि त्यांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला.

या पोलादाचे एक प्रसिद्ध प्रमाण कामगारांच्या तोंडी असते: अठरा, चार, एक. म्हणजे शंभर भागांत १८ भाग टंगस्टन, ४ भाग क्रोमियम, १ भाग व्हॅनेडियम. कार्बन एका भागाहूनही थोडा कमी. टंगस्टन ३४०० अंशांच्याही पुढे वितळतो. त्याचे खनिज दुर्मीळ आहे. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील आगरगाव आणि कुही-खोबणा परिसरात ते आढळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंगस्टनची टंचाई झाली, तेव्हा त्याच्या मोठ्या वाट्याच्या जागी मॉलिब्डेनम घालून तयार केलेली पोलादे पुढे आली. आज बाजारात मिळणाऱ्या हायस्पीड हत्यारांत बहुधा ६ भाग टंगस्टन आणि ५ भाग मॉलिब्डेनम असतो.

हे धातू कार्बनाला घट्ट धरून ठेवतात. त्यांची कार्बनाशी झालेली संयुगे इतकी चिवट असतात की, ती लोखंडात विरघळविण्यासाठी १२०० अंशांहूनही अधिक आच लागते. जुन्या कारागिराने ती आच पाहून कपाळाला हात लावला असता. परंतु काम तेवढ्यावर संपत नाही. थंड केल्यानंतर हे पोलाद पुन्हा सुमारे ५५० अंशांपर्यंत तापवितात आणि निववितात. हे एकदा नव्हे, तर दोनदा किंवा तीनदा करतात. साधे पोलाद एवढ्या उष्णतेत मऊ पडले असते. येथे मात्र अतिशय सूक्ष्म, कठीण कण पोलादात जागोजागी तयार होतात आणि कठीणपण उलट वाढते. जे पोलाद ५५० अंशांची आच पुन्हा पुन्हा सोसून तयार झालेले असते, त्याला काम करतानाची तेवढी आच नवी वाटत नाही. सुमारे ६०० अंशांपर्यंत त्याची धार टिकते, ती यामुळे.

आबा ऐकत होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे जळतं ते खरं, आणि जळण्याच्या पुढं काही आहे हेही खरं. आम्ही जळलेलं बाजूला टाकत आलो.”

“तुमचं पोलाद बाजूलाच टाकायला हवं होतं, आबा,” नातू म्हणाला. “त्याला पुढची आच दिली असती, तर ते वायाच गेलं असतं. पोलाद वेगळं, म्हणून नियम वेगळा.”

एवढे बोलून तो गप्प झाला. कारण छिन्नीच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरलो होतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने छिन्नीला टूलचा नियम लावला होता. आबाही पाण्याची बादली शोधीत होते, ती टूल बुडविण्यासाठी. नातवाने हसून त्यांना थांबविले. फार तापलेले हायस्पीड एकदम पाण्यात बुडविले, तर धारेवर बारीक तडे जाण्याचे भय असते. छिन्नीला जे जीवदान, तेच टूलला संकट.

शेवटचे हलके फेरे नातवाने पाणी सोडून घेतले. मायक्रोमीटरने मोजून बेअरिंगची जागा बरोबर केली. दिवस मावळण्यापूर्वी शाफ्ट तयार झाला. शेतकऱ्याने तो फडक्यात गुंडाळला आणि मोटारसायकलवर बसून तो वाडीकडे निघाला. त्या रात्री पंप चालला आणि उसाला पाणी मिळाले.

रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत आज संगणकावर चालणारी यंत्रे आहेत. त्यांच्या हत्यारांच्या टोकाशी कार्बाइडच्या टिकल्या बसविलेल्या असतात. १९२०च्या दशकात जर्मनीत निघालेला हा पदार्थ हायस्पीडहूनही अधिक उष्णता आणि वेग सोसतो. तरीही हायस्पीडचे दिवस संपलेले नाहीत. भोके पाडण्याची गिरमिटे, आटे पाडण्याचे टॅप, दातेरी चक्रे कापण्याची हत्यारे अजूनही त्याची करतात. कारण ते कार्बाइडपेक्षा चिवट असते, धक्का सोसते आणि कारागिराला आपल्या हाताने त्याला हवा तो कोन देता येतो.

शिरूरपासून जवळच, निघोज गावाजवळ, कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या पाषाणात रांजणासारखी खोल भोके पाडली आहेत. निसर्गाला त्यासाठी हजारो वर्षे लागली. माणसाचे गिरमिट लोखंडात मिनिटाभरात भोक पाडते. परंतु त्या मिनिटामागेही पिढ्यांचा काळ आहे. भट्टीतला रंग ओळखणाऱ्या लोहारांचा त्यात वाटा आहे आणि त्या रंगांच्या पुढे जाऊन पाहणाऱ्यांचाही आहे.

वर्कशॉपातल्या ग्राइंडरजवळ आता पाण्याने भरलेला एक डबा ठेवलेला असतो. आबांची छिन्नी धार लावण्यासाठी नातवाकडेच येते. तो ती दगडावर हलकेच टेकवितो, उचलतो, पाण्यात बुडवितो, पुन्हा टेकवितो. टूलला धार लावताना मात्र तो त्या डब्याकडे वळत नाही. छिन्नी परत हाती आली की आबा ती अजूनही उजेडात धरून पाहतात. धार पांढरी असते. ते मान हलवितात आणि ती ऐरणीजवळ, तिच्या ठरलेल्या जागी ठेवतात.